एकाच जहाजावर लागोपाठ दोन क्रूझ : मधल्या दिवशी काय होतं आणि त्याची तयारी कशी करायची

पहिली क्रूझ सकाळी संपते आणि दुसरी त्याच संध्याकाळी, त्याच धक्क्यावरून, त्याच जहाजाने सुरू होते. मधल्या आठ-दहा तासांत हजारो माणसं उतरतात, हजारो नवी चढतात; तुम्ही मात्र कुठेच जाणार नसता. अशा जोडसहलीला ‘बॅक-टू-बॅक’ म्हणतात आणि मधल्या दिवसाला ‘टर्नअराउंड डे’. पहिल्यांदाच हे करणाऱ्याला साधारण तेच प्रश्न पडतात. सामान बांधायचं का? जहाजावरून उतरावंच लागतं का? उतरलो तर परत कधी आणि कसं चढायचं? खोलीतल्या वस्तूंचं काय?

यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं एका गोष्टीत आहेत, ती आधी मनात पक्की करा. तुमच्या दृष्टीने ही एक लांब सुट्टी असेल, पण कंपनीच्या संगणकात त्या दोन स्वतंत्र सहली आहेत. दोन बुकिंग क्रमांक, दोन बिलं, दोन प्रवासी याद्या. सकाळी पहिल्या यादीतला एक प्रवासी उतरला अशी नोंद होते, दुपारी दुसऱ्या यादीतला एक प्रवासी चढला अशी. ही दोन्ही माणसं तुम्हीच आहात, हे जहाजाला आपोआप कळेल असं धरून चालू नका. पहिल्या सहलीच्या नावावर जे जे आहे ते त्या सकाळी संपतं, आणि दुसऱ्या सहलीला जे जे लागणार ते नव्याने घ्यावं लागतं.

बुकिंग करताना

दोन्ही क्रूझना एकच केबिन मिळाली तर मधला दिवस अर्धा सोपा होतो. त्यासाठी बुकिंग करतानाच नेमका केबिन क्रमांक निवडा आणि तो दोन्ही सहलींना मोकळा आहे ना ते पाहा. ‘गॅरंटी’ प्रकारातली स्वस्त केबिन घेतली तर क्रमांक कंपनी ठरवते, आणि दोन वेळा तोच क्रमांक मिळणं हा निव्वळ नशिबाचा भाग. दोन्ही बुकिंग झाली की कंपनीला किंवा एजंटला सांगून ती एकमेकांना जोडून घ्या. त्यामुळे बिल एक होत नाही, पण हा प्रवासी पुढेही राहणार आहे हे जहाजावरच्या लोकांच्या यादीत येतं.

काही कंपन्या दोन सहली एकत्र करून एक लांब क्रूझ म्हणूनही विकतात. हॉलंड अमेरिका या कंपनीच्या ‘कलेक्टर्स व्हॉयेजेस’ हे त्याचं उदाहरण. वेगवेगळी दोन बुकिंग आणि हे एकत्र बुकिंग, दोन्हींचे भाव काढून पाहा. कोणतं स्वस्त पडेल याचा नेम नाही.

मार्ग निवडताना माझं मत स्पष्ट आहे: एकाआड एक वेगळ्या दिशेला जाणारं जहाज निवडा. कॅरिबियनमधली बरीच जहाजं एका आठवड्यात पूर्वेकडची बेटं करतात आणि पुढच्या आठवड्यात पश्चिमेकडची. तीच बंदरं पुन्हा बघायला हरकत नाही, पण मुख्य डायनिंग रूमचा मेनू आणि रात्रीचे मोठे शो दुसऱ्या क्रूझला बहुधा तेच असतात. त्यात बंदरंही तीच आली तर शेवटच्या तीन-चार दिवसांत कंटाळा येऊ शकतो. ज्यांना नुसतं डेकवर खुर्ची टाकून वाचत पडायचं आहे, त्यांना हा सल्ला लागू नाही.

आता एक कायदा, जो अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवर भल्याभल्यांची योजना उधळतो. 1886 सालच्या ‘पॅसेंजर व्हेसल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट’नुसार परदेशी झेंड्याचं जहाज अमेरिकेच्या एका बंदरात चढलेल्या प्रवाशाला दुसऱ्या अमेरिकी बंदरात नेऊन उतरवू शकत नाही. वाटेत दूरचं परदेशी बंदर घेतलं असेल तरच ते चालतं. मोठी क्रूझ जहाजं जवळपास सगळी बहामास, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा देशांत नोंदलेली असतात, त्यामुळे हा नियम त्यांना लागतो. कॅनडा, मेक्सिको आणि बहुतेक कॅरिबियन बेटं या कायद्याच्या हिशोबात ‘जवळची’ आहेत. अरुबा, बोनेर आणि कुरासाव मात्र ‘दूरची’ धरली जातात.

याचा बॅक-टू-बॅकशी संबंध असा. लॉस एंजेलिसहून व्हँकुव्हरला जाणारी एक क्रूझ आहे आणि तेच जहाज पुढे व्हँकुव्हरहून अलास्कातल्या सीवर्डला जातं. दोन्ही क्रूझ एकेकट्या पूर्ण कायदेशीर आहेत. पण तुम्ही दोन्ही लागोपाठ घेतल्या की तुमचा प्रवास लॉस एंजेलिस ते सीवर्ड असा मोजला जातो, मध्ये फक्त कॅनडा, आणि तो चालत नाही. संकेतस्थळावर दोन्ही बुकिंग बिनबोभाट होतात, मग काही आठवड्यांनी कंपनीचा फोन येतो की एक रद्द करा. नियम मोडला तर दंड प्रवाशामागे काहीशे डॉलर असतो आणि कंपन्या तो प्रवाशाकडून वसूल करू शकतात. जिथून चढलात तिथेच परत येऊन उतरणार असाल तर चिंता नाही. चढायचं आणि उतरायचं बंदर अमेरिकेतलंच पण वेगवेगळं असेल, तर पैसे भरण्याआधी कंपनीला थेट विचारा.

व्हिसाचंही तसंच. देशाबाहेर जाऊन परत त्याच बंदरात आलात की तो नवा प्रवेश धरला जातो. ज्यांना व्हिसा लागतो त्यांनी तो एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे आणि दुसऱ्या क्रूझच्या शेवटापर्यंत चालतो, एवढं तरी तपासावं. युरोपात लांब जोडसहल असेल तर शेंगेन देशांत कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांची मर्यादा आहे. प्रवासविमा काढताना तारखा पहिल्या क्रूझच्या आधीपासून दुसरीच्या नंतरपर्यंत एकसलग टाका.

निघण्यापूर्वी

ऑनलाइन चेक-इन दोनदा करायचं. फोटो, पासपोर्ट, कार्ड, सगळं पुन्हा. दुसऱ्या क्रूझच्या चेक-इनमध्ये टर्मिनलवर येण्याची वेळ विचारतात; मिळेल ती निवडा, त्या दिवशी तुम्हाला ती लागू होत नाही. दोन्ही बोर्डिंग पास फोनमध्ये साठवून ठेवा आणि दुसऱ्याची कागदी प्रत सोबत घ्या. समुद्रात असताना इंटरनेट मनासारखं चालेल यावर विसंबू नका.

वाय-फाय, पेयांचं पॅकेज, स्पेशालिटी रेस्तराँ, किनाऱ्यावरच्या सहली, सगळं क्रूझनिहाय विकलं जातं. पहिल्यासाठी घेतलेलं दुसऱ्याला चालत नाही. भावही दोन्हींसाठी वेगवेगळे दिसू शकतात, म्हणून दुसऱ्या क्रूझची पॅकेजेस घरूनच, सवलत दिसली की घेऊन टाका. जहाजावर चढल्यावर तीच गोष्ट बहुधा महाग मिळते.

कपडे दोन क्रूझचे नेऊ नका. एकीचे न्या आणि मध्ये धुवून घ्या. प्रिन्सेस आणि कार्निव्हल या कंपन्यांच्या बहुतेक जहाजांवर स्वतः कपडे धुण्याची यंत्रं असतात. रॉयल कॅरिबियनवर नसतात, तिथे पिशवीत भरून स्टुअर्डकडे, म्हणजे केबिन आवरणाऱ्या सेवकाकडे, द्यावे लागतात. औषधं मात्र दोन्ही क्रूझची आणि वर निदान चार-पाच दिवसांची जादा ठेवा.

पहिल्या क्रूझचे शेवटचे दोन-तीन दिवस

गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर एकदा जा आणि आपण पुढच्या क्रूझलाही आहोत हे सांगून ठेवा. त्यांच्या यादीत नाव असतंच, तरी खात्री केलेली बरी. साधारण आदल्या दिवशी केबिनमध्ये किंवा अ‍ॅपवर एक पत्र येतं. किती वाजता, कुठल्या लाउंजमध्ये जमायचं, सोबत काय आणायचं, ते त्यात असतं. या लेखात आणि त्या पत्रात कुठे फरक पडला तर पत्राचं ऐका. बंदर, देश आणि त्या दिवशीचे अधिकारी यांच्यानुसार पद्धत बदलते, आणि पत्र त्याच दिवसासाठी लिहिलेलं असतं.

ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे जहाजावर खर्च करण्यासाठी तुमच्या खात्यात जमा असलेली रक्कम, तपासा. त्याचे दोन प्रकार असतात. परत मिळणारं क्रेडिट उरलं तर पैसे कार्डवर किंवा रोख परत येतात. परत न मिळणारं क्रेडिट मात्र पहिली क्रूझ संपली की अक्षरशः पाण्यात जातं. ते दुसऱ्या बिलात पुढे ओढलं जात नाही. शेवटच्या रात्री दुकानांत जी झुंबड उडते, त्यात हे क्रेडिट संपवायला आलेले बरेच असतात. त्यापेक्षा आधीच एखादं चांगलं जेवण किंवा लाँड्रीत ते खर्चून टाका.

जहाजाच्या फोटोग्राफरने काढलेले पहिल्या क्रूझचे फोटो हवे असतील तर शेवटच्या संध्याकाळपर्यंत घ्या. सहल बदलली की जुने फोटो सहसा पडद्यावरून जातात. अ‍ॅपमधलं बिलही त्याच रात्री डाउनलोड करा किंवा त्याचे स्क्रीनशॉट घ्या. सकाळी अ‍ॅप नव्या क्रूझवर सरकलं की जुनं शोधणं कटकटीचं होतं. रोखीने बिल भरणार असाल तर पहिल्या क्रूझचा हिशोब त्याच रात्री काउंटरवर पूर्ण करा. कार्ड दिलं असेल तर तो आपोआप बंद होतो आणि दुसऱ्यासाठी नवा सुरू होतो.

स्टुअर्डला किंवा आवडत्या वेटरला वरची टिप द्यायची असेल तर ती पहिल्या क्रूझच्या शेवटीच द्या. खलाशी आणि सेवकवर्गाचे करार संपतात तेही टर्नअराउंडच्याच दिवशी. सकाळी नमस्कार करून गेलेला माणूस दुपारी विमानतळाच्या वाटेवर असू शकतो.

आदली रात्र

त्या रात्री सगळ्या मार्गिकांमध्ये रंगीत पट्ट्या लावलेल्या बॅगा उभ्या दिसतील. तुमची बाहेर ठेवू नका. एवढी एक चूक टाळली तरी पुरे, कारण बाहेर ठेवलेली बॅग पहाटे टर्मिनलमध्ये पोचते आणि मग तिला शोधून परत आणण्याचा उद्योग मागे लागतो.

केबिन तीच असेल तर काहीच बांधायचं नाही. कपडे कपाटात, ब्रश बाथरूममध्ये, सगळं जिथल्या तिथे. केबिन बदलणार असेल तर सुट्या वस्तू बॅगेत भरा, ड्रॉवर रिकामे करा आणि हँगरवरचे कपडे हँगरवरच राहू द्या. ते स्टुअर्ड तसेच नव्या केबिनमध्ये नेतो. सामान कधी आणि कसं हलवणार हे त्याच्याशी आदल्या दिवशीच बोलून घ्या. तिजोरी मात्र स्वतः रिकामी करायची. पासपोर्ट, पैसे, दागिने, औषधं, लॅपटॉप हे खांद्यावरच्या पिशवीत, आणि ती पिशवी नवी केबिन मिळेपर्यंत खांद्यावरच. निघताना पलंगाखाली आणि चार्जरच्या सॉकेटकडे एक नजर टाका. जुन्या केबिनमध्ये दुपारी दुसरं कुटुंब येणार आहे.

जहाजावरच्या दुकानातून घेतलेल्या दारूच्या बाटल्या शेवटच्या रात्री किंवा सकाळी हातात देतात. त्या तुम्हाला दुसऱ्या क्रूझच्या शेवटीच हव्या असतील तर तसं आधी विचारा. काही जहाजं ठेवून घेतात, काही नाही.

सकाळ

जहाज साधारण पहाटे पाच ते सातच्या दरम्यान धक्क्याला लागतं. सातनंतर उतरणं सुरू होतं. आधी आपलं सामान आपणच ओढत नेणारे, मग पट्ट्यांच्या रंगानुसार किंवा क्रमांकानुसार बाकीचे. बुफेमध्ये या वेळी बसायला जागा मिळत नाही आणि लिफ्ट मिळणं तर विसराच. तुम्हाला बोलावणं येतं ते बहुधा नऊच्या आगेमागे. म्हणून सात वाजता धडपडत नाश्त्याला जाऊ नका. मुख्य डायनिंग रूम उघडी असेल तर तिथे आठच्या सुमारास शांतपणे बसता येतं. बुफे मात्र त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर बंद होतो, ती वेळ आदल्या रात्रीच पाहून ठेवा.

ठरलेल्या लाउंजमध्ये जाताना सोबत घ्यायचं ते एवढंच: पासपोर्ट, जुनं केबिन कार्ड, दुसऱ्या क्रूझचा बोर्डिंग पास, फोन, दुपारपर्यंतची औषधं, एक हलकं जॅकेट आणि वाचायला काहीतरी. टर्मिनलमध्ये एसी कडक असतो आणि बसायला लागलं तर वेळ जाता जात नाही. फळं, सँडविच, मांसाचे पदार्थ खिशात ठेवू नका. शेती आणि प्राण्यांच्या रोगांमुळे बऱ्याच देशांत ते किनाऱ्यावर नेणं मना आहे, आणि बुफेतल्या एका सफरचंदावरूनही दंड होऊ शकतो. लाउंजमध्ये तुमचं नाव यादीत टिकलं जातं आणि नवं कार्ड किंवा ‘इन ट्रान्झिट’ लिहिलेलं कार्ड हातात मिळतं. काही जहाजांवर नवं कार्ड आदल्या रात्रीच केबिनच्या दारात येतं. दोन्ही कार्डं जवळ ठेवा. उतरताना जुनं लागतं, चढताना नवं.

अमेरिकी बंदरांत पुढे काय होतं ते नीट समजून घ्या, कारण गोंधळ तिथेच उडतो. तिथे नवा प्रवासी चढण्याआधी जुन्या सहलीचा प्रत्येक प्रवासी जहाजाबाहेर गेलेला असावा लागतो. गँगवेवर, म्हणजे जहाजातून धक्क्यावर जायच्या पुलाशी, कार्ड टेकवलं की ‘टुंग’ असा आवाज येतो तो याच मोजणीचा; संगणकात आकडा शून्यावर यावा लागतो. तो शून्यावर येईपर्यंत सगळे थांबतात. कोणीतरी केबिनमध्ये झोपलेलं असतं, कोणीतरी शेवटची कॉफी पीत डेकवर रेंगाळत असतं, मग त्यांच्या नावाच्या घोषणा सुरू होतात. बॅक-टू-बॅकवाल्यांना गटाने नेतात ते याचसाठी. तुमच्यापैकी एक जण हरवला तर पूर्ण जहाजाचं बोर्डिंग खोळंबतं, आणि उरलेले चाळीस जण तुमच्याकडे कसे बघतील याची कल्पना करा.

गट उतरतो, टर्मिनलमध्ये इमिग्रेशनसमोरून जातो. हल्ली बऱ्याच ठिकाणी कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं की चेहरा पटवून काम होतं. पासपोर्ट तरीही हातात असू द्या. पहिल्या क्रूझमधल्या खरेदीबद्दल विचारलं तर खरं सांगा. वस्तू केबिनमध्ये ठेवल्या असल्या तरी सांगा. त्यानंतर कधी सरळ पलीकडून परत वर चढवतात, कधी खुर्च्यांवर बसवून ठेवतात. दहा मिनिटं लागतील की दीड तास, हे शेवटचा प्रवासी कधी उतरतो यावर ठरतं. परत चढताना पिशवी पुन्हा एक्स-रेमधून जाते, आणि नव्या प्रवाशांच्या रांगेच्या आधी तुम्ही जहाजावर असता.

अमेरिकेबाहेर चित्र पुष्कळदा सौम्य असतं. युरोपातल्या अनेक बंदरांत उतरण्याची सक्तीच नसते. ट्रान्झिट कार्ड घ्यायचं आणि हवं तर दिवसभर जहाजावरच राहायचं. भूमध्य समुद्रात एमएससी आणि कोस्टा यांची जहाजं एकाच सहलीत तीन-चार बंदरांवर प्रवासी घेतात आणि सोडतात, त्यामुळे तिथे सगळ्यांचा मिळून असा एक टर्नअराउंड डे नसतोच. कुणाची क्रूझ बार्सिलोनात संपते, कुणाची जेनोआत. तुमच्या बदलाचा दिवस बाकीच्यांसाठी साधा बंदराचा दिवस असतो. तिथे फक्त नवं कार्ड घ्यायला विसरू नका.

चालायला त्रास होणाऱ्यांनी किंवा चाकांच्या खुर्चीवर असणाऱ्यांनी गेस्ट सर्व्हिसेसला दोन दिवस आधी सांगावं. मदत मिळते, पण ऐनवेळी मागितली तर मदत करणारे सगळे उतरणाऱ्यांच्या गर्दीत अडकलेले असतात. लहान मुलं असतील तर मुलांचा क्लब त्या सकाळी बहुधा बंद असतो, हे धरून चाला.

शहरात जायचं का?

गटासोबत जायलाच हवं असं नाही. आधीच कळवून तुम्ही बाकीच्यांबरोबर लवकर उतरू शकता आणि दुपारी ट्रान्झिट कार्ड दाखवून परत येऊ शकता. औषध, साबण किंवा सिमकार्ड घ्यायचं असेल तर हा चांगला मार्ग आहे. बंदर शहराला लागून असलं तर मी जाईनच: बार्सिलोना, व्हँकुव्हर, सिडनीचं सर्क्युलर की, गॅल्व्हस्टन. सिव्हिटाव्हेकियाहून रोमला जाऊन यायचा मोह होतो, पण रेल्वेने एका बाजूचाच तासभर किंवा जास्त जातो. रोम वेगळ्या दिवशी बघावं. पोर्ट कॅनाव्हरलसारख्या ठिकाणी टॅक्सी केल्याशिवाय फार काही हाताशी नाही, तिथे जहाजावर परतलेलं बरं.

परत येताना सर्वसाधारण रांगेत उभे राहू नका, ‘ट्रान्झिट’ कुठे ते विचारा. सगळ्यांनी जहाजावर असण्याची शेवटची वेळ सुटण्याच्या निदान तास-दीड तास आधीची असते. तुम्ही आधीच्या क्रूझला होतात म्हणून कोणी थांबत नाही. एक छोटी गंमत: रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल प्रत्येक प्रौढाला चढण्याच्या दिवशी वाइनची 750 मिलीची एक बाटली सोबत आणू देतात, आणि हा दुसऱ्या क्रूझचा चढण्याचाच दिवस आहे.

रिकामं जहाज

जहाजावर परतल्यावर जे दिसतं त्यासाठी काही जण मुद्दाम बॅक-टू-बॅक करतात, आणि मला ते पटतं. एरवी जिथे खुर्ची मिळवायला सकाळी सातला टॉवेल टाकावा लागतो, त्या पूलपाशी कोणीच नाही. फोटो काढायचे तर हीच वेळ. नवे प्रवासी साधारण अकराच्या पुढे येऊ लागतात, त्यामुळे तास-अर्धा तासच हाती असतो. काही जहाजांवर बॅक-टू-बॅकवाल्यांसाठी वेगळं जेवणही ठेवतात. ते मिळेल असं गृहीत धरू नका. दुपारच्या बुफेचा भरवसा जास्त.

दुकानं आणि कॅसिनो बंदरात असताना बंद असतात. वाय-फाय बंद पडलं तर घाबरू नका, जुनं पॅकेज संपलं आहे. नवं चालू करून घ्यावं लागतं. केबिनमध्ये जाता येतं, पण त्या दिवशी स्टुअर्डच्या माथी सगळ्या केबिन एका दमात नव्याने लावण्याचं काम असतं आणि तुमची तो शेवटी करतो. त्याला ते करू द्या.

बाल्कनी धक्क्याच्या बाजूला असेल तर खाली बघत बसा. फोर्कलिफ्टवरून भाजीपाला, अंडी, दूध, बर्फातले मासे यांचे थर आत जात असतात. दुसऱ्या बाजूने कचरा बाहेर येतो. समुद्राच्या बाजूला इंधनाची बार्ज येऊन चिकटते. 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’सारख्या जहाजावर जास्तीत जास्त 7,600 प्रवासी आणि 2,350 कर्मचारी असतात. एवढ्या लोकांचं एका दिवसात उतरणं, साफसफाई, भरणं आणि पुन्हा चढणं बघितलं की आपल्याला टर्मिनलमध्ये तासभर का बसवलं याची तक्रार जरा कमी होते.

दुपार : पुन्हा नवे प्रवासी

सुरक्षा कवायत, म्हणजे मस्टर ड्रिल, पुन्हा करायची. “आम्ही मागच्या आठवड्यात केली” हे सांगून उपयोग नसतो, निदान बहुतेक जहाजांवर. यामागे कारण आहे. जानेवारी 2012 मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकाला लागून कलंडलं, 32 जण गेले. त्या संध्याकाळी सिव्हिटाव्हेकियाला चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात 24 तासांची मुभा होती. 1 जानेवारी 2015 पासून नियम बदलला: जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी कवायत व्हायलाच हवी. हल्ली बऱ्याच जहाजांवर अ‍ॅपवर व्हिडिओ बघायचा आणि आपल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे संकटात जमायच्या ठरलेल्या जागी, जाऊन कार्ड दाखवायचं, एवढंच असतं. बॅक-टू-बॅकवाल्यांना ते सकाळीच, गर्दीच्या आधी उरकता येतं. केबिन बदलली असेल तर मस्टर स्टेशनही बदललेलं असू शकतं. नव्या कार्डवर बघा आणि प्रत्यक्ष चालत जाऊन या.

मग अ‍ॅपमधून बाहेर पडून दुसऱ्या बुकिंगने पुन्हा आत या. नवं कार्ड दाराला चालतं का, पेयांचं पॅकेज दिसतं का, जेवणाची वेळ आणि टेबल मागचंच मिळालं का, हे तिन्ही दुपारी एकच्या आत तपासा. टेबल बदललं असेल आणि जुना वेटर हवा असेल तर हेड वेटरला लगेच सांगा. संध्याकाळी नव्या प्रवाशांच्या मागण्यांचा ढीग पडतो आणि तुमचं नाव त्याच्या तळाशी जातं. सभासदत्वाचे पॉइंट पहिल्या क्रूझमुळे वरच्या पायरीला पोचत असतील तर नव्या कार्डवर नवी पायरी आली का तेही पाहा.

वेळापत्रक कोलमडलं तर

हिवाळ्यात गॅल्व्हस्टन आणि टँपासारख्या बंदरांत धुकं दाटतं, जहाजांची ये-जा थांबते आणि जहाज बाहेरच तासन्‌तास उभं राहतं. उतरणाऱ्यांची विमानं चुकतात, चढणारे हॉटेलात अडकतात. तुम्ही जहाजावरच असता. अशा वेळी जोडसहल घेतल्याचं बरं वाटतं. फक्त लाउंजमध्ये जमण्याची वेळ पुन्हा पुन्हा बदलते, म्हणून घोषणांकडे कान ठेवा.

पोटाची साथ आली तर गोष्ट वेगळी. अमेरिकेत येणाऱ्या परदेशी मार्गावरच्या जहाजावर 3 टक्के किंवा जास्त प्रवासी वा कर्मचारी आजारी पडले की तिथली आरोग्य संस्था सीडीसी त्याची जाहीर नोंद करते. अशा क्रूझनंतर जहाजाची कसून सफाई होते, बोर्डिंग उशिरा सुरू होतं आणि तुम्हालाही टर्मिनलमध्ये जास्त वेळ थांबावं लागू शकतं. त्या दिवशी पिशवीत पाणी आणि औषधं असल्याचा उपयोग होतो.

दुसऱ्या क्रूझचा शेवट

या वेळी मात्र बॅग आदल्या रात्री बाहेर ठेवायची. कस्टम्सला दोन्ही क्रूझमधली खरेदी सांगायची, म्हणून पावत्या एका पाकिटात असू द्या. दोन क्रूझसाठी कार्डवर दोन वेगवेगळ्या रकमा रोखलेल्या असतात आणि त्या सुटायला काही दिवस जातात. घरी पोचल्यावर आठवडाभराने कार्डचं स्टेटमेंट उघडून दोन्ही बिलांशी पडताळून पाहा. दुसऱ्या क्रूझचा एखादा खर्च दोनदा लागलेला दिसला तर साठवून ठेवलेल्या बिलासकट कंपनीला ईमेल करा.